बीपीटीनंतर (म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीनंतर) अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) करावं का? ते पीएचडीसारखं असतं का? स्वस्त पडतं का?

तुम्ही बीपीटीच्या शेवटच्या वर्षाला आहात असं प्रश्नात लिहिलंय. मीही तिथूनच आले. सांगलीत बीपीटी, मग लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, आणि तिथल्या राज्य विद्यापीठात तीन वर्षं डीपीटी. त्यामुळे कुणाकडून ऐकलेलं नाही, भोगलेलं सांगते.

आधी पीएचडी डोक्यातून काढा. प्रबंध नाही, गाइडच्या मागे फाइल घेऊन हिंडणं नाही. डीपीटी ही तिकडे फिजिकल थेरपिस्ट (म्हणजे आपला फिजिओ) होण्यासाठीची पहिली पदवी आहे. पूर्वी हेच काम बॅचलर्सवर, नंतर मास्टर्सवर चालायचं. 1993 मध्ये ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठाने थेट डॉक्टरेटचा वर्ग सुरू केला, हळूहळू सगळे त्या वाटेने गेले, आणि 2016 पासून मान्यता देणारी संस्था (तिला सगळे केप्टी म्हणतात) डीपीटीखेरीज दुसऱ्या पदवीला मान्यताच देत नाही. म्हणजे वर्गात तुमच्या शेजारी मानसशास्त्रात बीए केलेली मुलगी बसलेली असते आणि ती खांद्याचं हाड आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत असते. तुम्ही ते पहिल्या वर्षाला व्हायव्हात घडाघडा म्हणून दाखवलेलं असतं.

मग सोपं जातं का? पहिली सहामाही मलाही तसंच वाटलं. डिसेक्शनला ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) मी डोळे मिटून सांगायचे, मुलं माझ्या टेबलाभोवती गोळा व्हायची. मग आली प्रॅक्टिकल. वर्गातलाच एक मुलगा रुग्ण झालेला, डाव्या अंगाला अर्धांगवायू. त्याला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये घ्यायचं. आपल्याकडे वॉर्डात हे काम मावशी, वॉर्डबॉय आणि रुग्णाचा मेव्हणा मिळून करतात, आपण सूचना देतो. इथे एकटीने. कमरेला पट्टा बांधला, खुर्ची धडधाकट बाजूला म्हणजे उजवीकडे लावली, त्याचा लुळा गुडघा माझ्या गुडघ्यांनी अडवला, एक-दोन-तीन म्हणून उभं केलं, वळवलं, बसवलं. अगदी अलगद. मान वर केली तर सर काहीच लिहीत नव्हते, खाली चाकाकडे बघत होते. एका बाजूचा ब्रेक उघडा होता.

नापास. बाकी सगळं बरोबर म्हणून पन्नास टक्के वगैरे काही नाही. सुरक्षिततेची एक गोष्ट चुकली की संपूर्ण परीक्षा गेली, आठवड्याने पुन्हा द्या. त्या रात्री मी आईला फोन करून चक्क रडले. आता रुग्णाला नमस्कार करण्याआधी माझा हात ब्रेकवर जातो.

अभ्यासाचा रोखही वेगळा. आपल्या ओपीडीत रुग्ण येतो तोच मुळी ‘शेक घ्यायला’. आयएफटीचं विजेच्या प्रवाहाचं मशीन, अल्ट्रासाउंड, मग व्यायामाचा कागद. तिकडे मशिनं जवळपास कोपऱ्यात पडलेली. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत, कमी-जास्त अटींवर, रुग्ण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट थेरपिस्टकडे येऊ शकतो. त्यामुळे पोटरी दुखतेय म्हणून आलेल्या माणसाला स्ट्रेचिंग द्यायचं की ही रक्ताची गुठळी आहे असं ओळखून तातडीने दवाखान्यात धाडायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. औषधशास्त्र, एक्स-रे-एमआरआय, विभेदक निदान (सारख्या लक्षणांतून नेमका आजार ओळखणं) हे विषय तिकडे इतक्या खोलात का शिकवतात ते इथे कळतं. मला सगळ्यात जड हेच गेलं, आणि सगळ्यात जास्त उपयोगही ह्याचाच झाला. शिवाय किमान 30 आठवडे पूर्णवेळ क्लिनिकमध्ये काम. बहुतेक ठिकाणी त्याला दमडी मिळत नाही, उलट त्या सहामाहीची फी आपणच भरतो!

आता पैसे. ‘सरकारी’ ह्या शब्दावर भाळू नका. आपल्याकडे सरकारी कॉलेज म्हणजे नाममात्र फी असं गणित असतं. तिकडे राज्य विद्यापीठाची कमी फी ही त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी असते, त्यांच्या करातून चालतं ना ते. बाहेरच्यांना दीडपट, कधी दुप्पट. विद्यार्थी व्हिसावर येणारा साधारणपणे ‘बाहेरचा’च राहतो, तीन वर्षं राहिला तरी. माझं जमलं ते वेगळ्या कारणाने. मी एच-4 वर (नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर) होते, आमच्या राज्यात एक वर्ष राहिल्याचे पुरावे दिल्यावर (घराचा करार, कराचे कागद, लायसन्स) मला रहिवासी फी लागली. ते वर्ष मी कम्युनिटी कॉलेजात घालवलं, कारण प्रवेशासाठी कॉलेज पातळीचं रसायन आणि भौतिक हवं होतं, तेही प्रयोगशाळेसकट. बारावी सायन्स त्यांनी धरली नाही. तिशीची बाई अठरा वर्षांच्या पोरांबरोबर टायट्रेशन करतेय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा.

मी तुमच्या जागी असते आणि विद्यार्थी व्हिसावर, कर्ज काढून जाणार असते, तर हा रस्ता धरला नसता. बीपीटीवाल्यांना दुसरी वाट आहे. आपली पदवी एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायची, जे विषय वा क्रेडिट कमी पडतात ते भरून काढायचे, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा द्यायची (बोलण्याचे गुण वेगळे बघतात) आणि मग एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा. ती सगळ्यांना एकच, डीपीटीवाल्यांनाही: 200 ते 800 च्या पट्टीवर 600 हवेत, वर्षातून चार वेळा होते, आयुष्यात सहा संधी. लायसन्स मिळाल्यावर डीपीटी हवीच असेल तर काम करता करता, बरंचसं ऑनलाइन, ट्रान्झिशनल डीपीटी होते. पदवीसाठी पुन्हा पहिलीत बसायची गरज नाही. मी बसले कारण माझी फी कमी होती आणि एच-4 वर घरी बसून नोकरीही करता येत नव्हती. एवढंच खरं कारण.

व्हिसाचं एकच सांगते, कारण एजंट अर्धंच सांगतात. फिजिकल थेरपिस्ट ‘शेड्युल ए’ यादीत आहेत, म्हणजे ग्रीनकार्डाच्या अर्जातली कामगार खात्याची एक लांबलचक पायरी वाचते. पण भारतीयांची रांग तीच राहते, आणि ती अनेक वर्षांची आहे. शिवाय डीपीटी स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या यादीत) धरत नाहीत, म्हणून शिक्षणानंतर कामाची मुभा 12 महिन्यांचीच.

आणि नावाआधी ‘डॉक्टर’ लावता येतं का, असं तुम्ही प्रश्नाच्या शेवटी कंसात विचारलंय. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याकडे आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओंनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं, तो गोंधळ तुम्ही पाहिलाच असेल. तिकडे पदवीत डॉक्टर आहे, पण माझे रुग्ण, बहुतेक मका-सोयाबीनवाले शेतकरी, मला नावानेच हाक मारतात. सांगलीत आईच्या सोसायटीत मात्र मी डॉक्टरीणबाई आहे. तिथे कुणी पत्र काढू शकत नाही.

कुठलाही रस्ता धरा, पण कॉलेज सोडण्याआधी एक काम करा. प्रत्येक वर्षाचा विषयवार अभ्यासक्रम, थिअरी-प्रॅक्टिकलचे तास आणि इंटर्नशिपचे तास विभागवार, हे सगळं प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने दोन प्रतींत घेऊन ठेवा. मी घेतलं नव्हतं. नंतर वडील त्यासाठी दोनदा नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठात जाऊन आले, तेही उन्हाळ्यात, एसटीने.