दुकान ऑनलाइन नेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पंचवटीत आमचं चिवडा आणि मनुक्यांचं छोटं दुकान आहे. २०२७च्या सिंहस्थाआधी ऑनलाइन यायचंय. वेबसाइटचे ४५ हजार सांगितलेत. करावा का खर्च?

उत्तर : आत्ता नको. बाहेरगावचा माणूस रामकुंडावरून मोबाइलवर ‘चिवडा’ टाकणार आणि नकाशात दिसेल त्या दुकानात शिरणार. म्हणून आधी गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, करा, ते फुकट आहे. पडताळणीला हल्ली बरेचदा व्हिडिओ मागतात. तो मध्ये न थांबवता एका दमात काढायचा : गल्ली, शेजारच्या पाट्या, तुमची पाटी, मग स्वतः किल्लीने शटर उघडून थेट गल्ल्यापर्यंत. पाटीवर एक नाव आणि प्रोफाइलमध्ये त्याला ‘नाशिकचा नंबर एक चिवडा’ असं शेपूट, असं झालं की घोडं अडतं. नंतर प्रोफाइल बंदही पडू शकतं. पाटीवरचंच नाव टाका. जुन्या वस्तीत नकाशावरची खूण मागच्या बोळात पडते. झूम करून ती बोटाने तुमच्या दारात आणून ठेवा.

दुसरं, व्हॉट्सअॅप बिझनेस. हेही फुकट. एकच नंबर साध्या आणि बिझनेस अशा दोन्ही अॅपवर चालत नाही, म्हणून वेगळं सिम घ्या. पाटीवर लँडलाइन असेल तर तोही चालतो, फक्त पडताळणीचा कोड एसएमएसऐवजी फोनवर ऐकून घ्यायचा. कॅटलॉगमध्ये, म्हणजे अॅपमधल्या मालाच्या यादीत, वजन आणि भाव लिहाच. ‘भावासाठी मेसेज करा’ म्हटलं की निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरतात, असं आमचं मत.

वेबसाइट लागेल ती बाहेरगावच्या ऑर्डरी नियमित व्हायला लागल्यावर. तेव्हाही तयार साच्यावरची पुरे. मात्र डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्या ईमेलवर, स्वतः पैसे भरून घ्या. करून देणाऱ्याच्या खात्यात ते राहिलं तर उद्या त्याच्याशी बिनसल्यावर नावही त्याच्याच हातात. आणि पहिल्या वर्षीच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी बघा.

प्रश्न : चिवड्याचं पार्सल किलोचं, पण कुरियरवाला ३ किलोचे पैसे लावतो. ही फसवणूक नाही का? (सिडको)

उत्तर : नाही. हलक्या पण फुगीर मालाला आकारमानाचं वजन लावतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५०००ने भागायचं. तुमचं खोकं ३० × २५ × २० असेल तर १५,००० भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. खरं वजन आणि हे, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. तोच किलो २५ × २० × १५च्या खोक्यात बसवला तर दीड किलोच लागेल. पाकिटं उभी लावून बघा. हवा भरलेली फुगीर पाकिटं टाळा, पण फार दाबलीत तर पोह्यांचा चुरा होतो. मनुक्यांना ही अडचण नाही, ते मुळातच जड.

आणखी एक : करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कमी असली तरी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. सुरतेची ऑर्डर घेण्याआधी सीएला विचारा.

प्रश्न : गिऱ्हाईक यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवतं. तेवढ्यावर माल द्यावा? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : नाही. स्क्रीनशॉट बनवायला दोन मिनिटं लागतात. आपल्या अॅपमध्ये पैसे जमा दिसल्यावरच पार्सल बांधा.