आई-वडील परदेशात घरी एकटे असताना : पोलिसांच्या चौकशीविषयी

तुम्ही लातूरहून विचारले आहे की अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये नोकरी ठरली आहे, आई-वडिलांना सहा महिने सोबत ठेवायचे आहे, वडील शेतकरी असल्याने त्यांना रिकामे बसवत नाही, आणि ते घरी एकटे असताना फोन लागला नाही तर पोलीस जाऊन पाहून येतात हे खरे का. ते खरे आहे. व्हिसा आणि विम्याची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळते, म्हणून तिच्यात मी शिरत नाही. एकटेपणाचे म्हणाल तर त्याची सवय होते. मी सेलूची, परभणी जिल्ह्यातली. सतरा वर्षांपासून ओहायोत राहते. तुमचा प्रश्न वाचून दोन रात्री नीट झोप लागली नाही, कारण माझ्या वडिलांच्या चौकशीसाठी पोलिसांना मीच बोलावले होते.

या चौकशीला अमेरिकेत वेल्फेअर चेक म्हणतात. कुणी फोन उचलत नसेल किंवा घराचे दार अवेळी उघडे दिसत असेल, तर ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाऐवजी पोलिसांच्या साध्या क्रमांकावरही कळवता येते. फोन घेणारी व्यक्ती तुमचे म्हणणे दोन-चार शब्दांत टिपून पुढे पाठवते, आणि जो अधिकारी येतो तो कमरेला पिस्तूल लावून येतो. तुम्ही जाणार आहात त्या टेक्सासमध्ये, फोर्ट वर्थ शहरात, ऑक्टोबर २०१९ मध्ये एका शेजाऱ्याने रात्री समोरच्या घराचे दार उघडे पाहून काळजीपोटी असाच फोन केला होता. त्या काळजीचे पोलिसांपर्यंत पोहोचेपर्यंत ‘उघडी वास्तू’ झाले, म्हणजे घरफोडीचाही संशय घ्यावा अशी नोंद. अधिकारी आपण पोलीस आहोत हे न सांगता परसात शिरला आणि त्याने खिडकीतून गोळी झाडली. आत २८ वर्षांची अटाटियाना जेफरसन आठ वर्षांच्या भाच्यासोबत होती. ती गेली. त्या अधिकाऱ्याला डिसेंबर २०२२ मध्ये जवळपास बारा वर्षांची शिक्षा झाली, पण अशी शिक्षा क्वचितच होते.

त्याआधी फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन येथे गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे सुरेशभाई पटेल सकाळी फिरत होते. कुणीतरी संशयावरून फोन केला. त्यांना इंग्रजी येत नव्हते, ते ‘नो इंग्लिश’, ‘इंडिया’ असे सांगत राहिले, आणि अधिकाऱ्याने त्यांना असे आपटले की ते अंशतः अधू झाले. दोन वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि न्यायाधीशांनी अधिकाऱ्याला मुक्त केले. ही बातमी मी तेव्हाच वाचली होती. वाचूनही माझे वडील आले तेव्हा मी त्यांना मायक्रोवेव्ह शिकवला, टीव्हीचा रिमोट शिकवला, आणि पोलीस समोर आल्यावर जागचे हलू नये, हात रिकामे दिसू द्यावेत, हे मात्र शिकवले नाही.

त्या मे महिन्यात मी कार्यालयातून चार वेळा फोन केला आणि वडिलांनी उचलला नाही. शेजारच्या घरी सात वर्षे तेच कुटुंब राहत होते, पण त्यांचा क्रमांक माझ्याकडे नव्हता, कारण मागायचा मला संकोच वाटत होता. सेलूत आई फोन उचलत नसली तर शेजारच्या मावशी गच्चीवरून हाक मारतात. इथे ते काम मी पोलिसांवर सोपवले. वडील वृद्ध आहेत आणि एकटे आहेत एवढेच मी सांगितले. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, इंग्रजी येत नाही, हे सांगायचे राहिले.

वडील परसात मेथीच्या वाफ्यातले तण काढत होते. गावाहून आणलेले खुरपे हातात होते. अधिकारी ओरडला ते त्यांना कळले नाही. आपल्याकडे दारात माणूस आला की चार पावले पुढे जाऊन त्याला घ्यायचे असते, तसे ते पुढे गेले. त्यांना जमिनीवर पाडून बेड्या घातल्या. त्यात मनगटाचे हाड मोडले.

तक्रारीचे उत्तर सात महिन्यांनी आले : कारवाई धोरणानुसार झाली. अंगावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण मागण्याचा अर्ज दोनदा परत आला, त्यातला एकदा केवळ मी आधी दिवस आणि मग महिना लिहिला म्हणून. ही गोष्ट मला अजून सलते. वकिलाने सांगितले की तशीच वागणूक पूर्वीच्या एखाद्या निकालात घटनाबाह्य ठरलेली नसेल तर अधिकाऱ्याला भरपाईच्या दाव्यापासून संरक्षण मिळते. घराच्या आत शिरण्याबाबत मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये एकमताने म्हटले आहे की केवळ काळजी घेण्याच्या नावाखाली पोलिसांना वॉरंटशिवाय घरात येता येत नाही. जीव धोक्यात असल्याचे मानायला वाजवी कारण लागते. परसात उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना त्याचा उपयोग नव्हता.

आपल्याकडचे पोलीस बरे, असे मी म्हणत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत पोलिसांनी अटक केलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, आणि गुन्हा नोंदवण्यासाठी त्यांच्या आईला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

तुम्ही पहिल्या आठवड्यातच शेजाऱ्यांकडे जा, क्रमांक द्या, त्यांचा घ्या, विश्वास बसला की किल्लीही द्या. फोन करावाच लागला तर वय, भाषा, कानाचा त्रास, घरातली जागा आणि हातात कोणते अवजार असू शकेल, हे सगळे सांगा, आणि अधिकाऱ्याने दारातूनच तुम्हाला फोन लावावा अशी विनंती करा. मनाचा त्रास असेल तर ९८८ हा वेगळा क्रमांक आहे.

कॅमेऱ्याचे चित्रण अखेर मिळाले. ते अकरा मिनिटांचे आहे. सुरुवातीला वडिलांचा आवाज ऐकू येतो, “या साहेब, या.” आईला आम्ही वडील परसात घसरले एवढेच सांगितले आणि पुढे वडील वारले तरी ते खोटे तसेच राहिले. खुरपे पोलिसांनी पुरावा म्हणून नेले होते, ते नंतर परत मिळाले. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर ‘शस्त्र’ असे लिहिले आहे. तुमच्या वडिलांना रिकामे बसवत नाही असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.