जेलीचा टब, मे महिना आणि सासूबाई

प्रश्न: ताई, माझा मुलगा मे महिन्यात सहा वर्षांचा होतोय. त्याने कुठलातरी व्हिडिओ बघितला, मुलं जेलीने भरलेल्या टबात उड्या मारतायत, तेव्हापासून एकच धोशा, केक नको पण जेलीचा टब हवा. घरी हवा भरायचा पाच फुटी टब आहे, सोसायटीची गच्ची मिळेल. सासूबाई म्हणतात अन्नाची नासाडी, वर जेलीत हाडं असतात. किती पाकिटं आणू? (एक आई, डोंबिवली)

उत्तर: अगं थांब, पाकिटं आणायच्या आधी हिशोब कर. पाच फुटी टब नुसता अर्धा फूट भरायचा म्हटलं तरी पावणेतीनशे लिटरच्या आसपास जातं, आणि एका पाकिटात साधारण अर्धा लिटर जेली होते, म्हणजे साडेपाचशे पाकिटं! दुकानदार तुला केटरर समजेल.

सासूबाईंचं हाडांचं म्हणणं अगदीच चूक नाहीये, जेली घट्ट करणारं जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनच बनतं. पण मला त्याहून मोठी अडचण उन्हाची वाटते. जिलेटिन पस्तीस अंशाच्या आसपास वितळतं. मी भाच्याच्या वाढदिवसाला हा उद्योग केलाय, रात्रभर फ्रीजमध्ये लावलेली जेली सकाळी अकराला गच्चीवर नेली आणि साडेअकराला लाल सरबत, त्यात पाय बुडवून सगळी पोरं हिरमुसलेली.

त्यापेक्षा चायना ग्रास घे, समुद्री शेवाळाचं असतं, सासूबाईंना पण चालेल, फ्रीजबाहेरच सेट होतं आणि एकदा झालं की ऐंशीच्या पुढे तापवल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे डोंबिवलीच्या उन्हाची भीती नाही. फक्त जिलेटिनसारखी थुलथुलीत होत नाही, दाबली की कचकन फुटते. पोरांना तेच जास्त आवडतं!

कुणाकडून तीन फुटी टब माग आणि दोनच इंच भर. तेहतीस लिटर होईल, लिटरला सात-आठ ग्रॅम धरून पाव किलो चायना ग्रास पुरे. आदल्या रात्री ते पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं, खाण्याचा रंग अगदी चिमूटभर (जास्त टाकलास तर गच्चीच्या लाद्या आणि पोरांचे तळपाय दोन्ही रंगतात) आणि परातीत, पातेल्यात, जे मोठं भांडं असेल त्यात सेट करायचं. गरम मिश्रण थेट टबात ओतू नकोस, प्लास्टिक सुरकुततं. सकाळी सुरीने वड्या पाडून टबात टाकल्या की झालं. साखर अजिबात घालायची नाही, नाहीतर मुंग्या तुझ्या पाहुण्यांच्या आधी येतील.

पोरं घसरणार हे गृहीत धर. टब भिंतीपासून लांब ठेव, खाली जुनी सतरंजी घाल, आणि दोन इंचच आहे म्हणून एकही पोर एकटं सोडू नकोस.

आवरताना तुकडे सुपलीने भरून ओल्या कचऱ्यात टाक, गच्चीच्या पाइपात गेले तर सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे. नासाडीचं म्हणशील तर गोव्यात माशेलला आषाढात चिखलकाला खेळतात, तसा टबात चिखल कर, फुकटात होईल, पण तुझं पोर ऐकेल असं मला वाटत नाही.

खायची जेली वेगळी लाव, दुधातली, आंब्याच्या फोडी घालून, आणि ती खाली घरातच ठेव. गच्चीवर नेलीस तर दोन्हीतला फरक पोरांना कळणार नाही.