की-चेनला (किल्ल्यांच्या जुडग्याला) लावलेला छोटा टॉर्च कपड्यांबरोबर धुतला गेला आहे. तो कसा सुकवावा आणि पुढे त्याची निगा कशी राखावी?

एका ट्रिपल-ए सेलवर चालणारा, टोपण फिरवून लावायचा आपला टॉर्च वॉशिंग मशीनमधून निघाला, आता काचेच्या आत बाष्प दिसते आणि दिवा लुकलुकतो. तो तांदळात ठेवावा का, असे आपण विचारले आहे. माझा असाच टॉर्च दोनदा धुतला गेला असून अजून चालतो, तेव्हा धीर धरावा. मात्र तो लागतो का, हे पाहण्यासाठी टोपण पुन्हापुन्हा फिरवणे आधी थांबवावे. नुसत्या पाण्यापेक्षा ओलाव्यातून वाहणारी वीज अधिक घातक असते, कारण तिच्यामुळे धातूचे जोड झपाट्याने गंजतात.

सेल लगेच काढावा. आत साबणाचे पाणी गेलेले असल्याने नळी आणि टोपण डिस्टिल्ड वॉटरने एकदा विसळून घ्यावे, झटकावे, आणि सगळे भाग सुटे ठेवून पंख्याच्या वाऱ्यात एक-दोन दिवस राहू द्यावेत. त्यानंतर घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्यास काचेमागचे बाष्पही जाते. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाहीत, उलट त्यांची पिठी टोपण फिरवून बसवायच्या आट्यांमध्ये, म्हणजे गोल खाचांमध्ये, बसते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको. तिने प्लास्टिकची भिंग वाकडी होण्याची भीती असते. टॉर्च रिचार्जेबल असेल, तर चार्जिंगचे तोंड पूर्ण कोरडे होईपर्यंत केबल लावू नये.

सुकल्यावरही दिवा लुकलुकला, तर दोष बहुधा आट्यांमध्ये असतो. अशा टॉर्चमध्ये वीज बहुतेक वेळा नळीच्या धातूतूनच फिरते, त्यामुळे आट्यांवर आणि नळीच्या उघड्या कडेवर साचलेला काळा थर हेच लुकलुकण्याचे कारण ठरते. कापूस लावलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून तो पुसावा. काडी काळी निघते, ती स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहावे. सेलच्या टोकाशी पांढरी भुकटी दिसली, तर तो अल्कलाइन सेल गळला आहे असे समजावे, भुकटीला हात न लावता व्हिनेगरच्या काडीने ती काढावी, मग ओल्या काडीने पुसून जागा कोरडी करावी आणि सेल नवा घालावा. टॉर्च महिनोन्‌महिने वापरात नसेल, तर सेल बाहेरच ठेवणे बरे, कारण गळलेला सेल ॲल्युमिनियमच्या नळीत असा काही चिकटतो की तो काढताना नळीच हातची जाते.

पाणी आत शिरले ते बहुधा आट्यांच्या मुळाशी असलेल्या रबरी ओ-रिंगमुळे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या गोल कडीत दोष आल्यामुळे. ती नखाने हलकेच उचलून पाहावी. चीर असेल किंवा ती चपटी झाली असेल, तर बदलावी. चांगली असल्यास तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. पेट्रोलियम जेली मी टाळतो, कारण काही प्रकारचे रबर तिने फुगते. शेवटी सेलच्या जागी टिश्यू पेपरची सुरळी घालून टोपण घट्ट बसवावे आणि टॉर्च दहा मिनिटे पेलाभर पाण्यात बुडवावा. बाहेरून पुसून उघडल्यावर कागद कोरडा निघाला, तरच सेल आत घालावा.