वास्कोजवळच्या वस्तीतल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावरचा वर्ग चालवायचा आहे. पैसा कसा उभा करावा?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्चायचा पैसा मिळेल का, संस्था नोंदवून ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी) घ्यावं का, आणि एक गृहस्थ पाच संगणक द्यायला तयार आहेत ते घ्यावेत का. तीसेक मुलं आहेत आणि जागा पंचायत देतेय असंही लिहिलंय. मी मुरगाव तालुक्यातल्याच अशा एका वर्गाचा हिशोब बघतो. आधी नोकरी बँकेत केली, त्यामुळे माझं उत्तर शिकवण्याबद्दल कमी आणि खतावणीबद्दल जास्त असणार.

टीचरचा पगार कुठून येणार हे ठरल्याशिवाय वर्ग उघडू नका. बाकी सगळं मिळतं. दप्तरं मिळतात, जूनमध्ये वह्या नको इतक्या मिळतात, भिंती रंगवून मिळतात, लोक पोराच्या वाढदिवसाला केक घेऊन येतात आणि फोटो काढून जातात. दर महिन्याच्या पाच तारखेला लागणारा पगार मात्र कुणी आपणहून आणून देत नाही. असे वर्ग बंद पडलेले मी पाहिलेत, आणि बंद पडताना प्रत्येकाच्या कपाटात खडू-पेन्सिली शिल्लकच होत्या.

आपल्याकडे हा खर्च इतर ठिकाणांपेक्षा जरा जास्त का येतो तेही समजून घ्या. गोव्यात शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटते. आई झुआरीनगर-सांकवाळच्या बाजूला बांधकामावर किंवा कुणाच्या घरी धुण्याभांड्याला, बाप खारीवाड्याच्या जेटीवर नाहीतर ट्रकवर. घरी कुणी यायला सहा-सात होतात. म्हणजे तुमचा वर्ग तास-दीड तासाची शिकवणी नाही, अख्खी दुपार आहे. त्यात भाषेचा गुंता. पोर घरी कन्नड नाहीतर लमाणी बोलतं, सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतं, रस्त्यावर कोंकणी-हिंदी उचलतं, आणि चौथी झाली की पाचवीला बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजी माध्यम. गळती तिथे सुरू होते. ही उडी मारून द्यायला या सगळ्या भाषांत निभावून नेणारं माणूस लागतं, आणि ते डीएड-बीएडवाल्यांत क्वचित सापडतं. वस्तीतलीच बारावी झालेली मुलगी ते बरोबर करते. पण तिला एखाद्या सुपरमार्केटमध्ये किंवा हॉटेलच्या रिसेप्शनला काय मिळतं हे तिला ठाऊक असतं. मानधन म्हणून दोन हजार टेकवाल तर दिवाळीनंतर ती दिसणार नाही, आणि तिच्यामागोमाग निम्मी मुलंही.

आकडे मांडून बघू. अर्ध्या दिवसाच्या दोन टीचर, प्रत्येकी ८,००० म्हणजे १६,०००. चार वाजताचं खाणं, कधी पाव आणि पातळ भाजी, कधी उकडलेले चणे आणि केळं, डोईमागे १२ रुपये धरले तर तीस मुलांचे चोवीस दिवसांचे ८,६४०. पंचायतीने भाडं घेतलं नाही तरी वीज, झाडलोट, पाणी यासाठी ३,००० बाजूला ठेवा. वह्या-साहित्य २,०००. औषधपाणी, रिक्षा, किरकोळ १,५००. बेरीज ३१,१४० रुपये महिना. वर्षाला पावणेचार लाखांच्या जवळपास, एका मुलामागे महिन्याला हजारभर. आकडे तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण निम्म्याहून जास्त खर्च माणसांचा, हे बदलणार नाही.

म्हणून मी पगार एका खिशात ठेवतो आणि बाकी सगळं दुसऱ्या. पगाराचे १६,००० म्हणजे महिन्याला दोनशे देणारी ऐंशी माणसं. ऐंशी हा आकडा ऐकून घाबरू नका. बंदरातून, बँकेतून, शाळांतून निवृत्त झालेले, भजनी मंडळातले, सकाळी फिरायला येणारे, कॉलनीतल्या ज्या घरांत याच मुलांच्या आया कामाला जातात ती घरं. यूपीआयवर ऑटोपे लावून घ्या, दर महिन्याला हात पसरायला लागत नाही. गळती इथेही होते, कुणी फोन बदलतो, कुणी रुसतो. शंभर जोडा म्हणजे ऐंशी टिकतात.

दारोदार फिराल तेव्हा एक वाक्य ऐकायला मिळेलच, त्याची तयारी ठेवा. एका किराणावाल्याने मला गल्ल्यावर बसूनच विचारलं, "ह्या घाट्यांच्या पोरांना शिकवून आपल्याला काय? आमच्या पोरांचं बघा की." मी वाद घातला नाही. त्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्याचं काम चालू होतं, तेवढं बोटाने दाखवलं. पैसे त्याने दिले नाहीत. पण चणे ठोक भावात देतो, आजही. वाद जिंकण्यापेक्षा मला ते परवडलं.

आणखी एक इथलीच वाट आहे जी प्रकल्प अहवालात कुणी लिहीत नाही. गोव्यात टॅक्सी स्टँडपासून मासळी मार्केटपर्यंत प्रत्येकाची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा असते, आणि तिथे पावणी होते. पूजेतल्या वस्तूंवर बोली लागते, लोक हौसेने चढवतात. समितीला आधीच भेटून एका वस्तूची पावणी वर्गाच्या नावाने करा म्हणून विनंती करायची. आमच्या वर्गासाठी एका स्टँडवर नारळाची पावणी झाली, तो अडीच हजारांना गेला, आणि बोली जिंकणारा वस्तीतलाच एक मुकादम निघाला. माईकवरून त्याचं नाव पुकारलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवसापासून तो वर्गाच्या दारात उभा राहून कोण आलं, कोण नाही ते बघायला लागला. ते जरा जास्तच झालं, पण हजेरी वाढली. देणगी कुपनं छापून गाडीचं बक्षीस लावायची कल्पना कुणी सुचवली तर मात्र नको म्हणा. सोडतीला परवानग्या लागतात, आणि कुपनांचा हिशोब वर्षभर संपत नाही.

पालकांकडूनही थोडं घ्या. महिन्याला पन्नास रुपये. यावर पुष्कळ लोक माझ्याशी भांडतात, गरिबांकडून कशाला म्हणून. पन्नास देणारी आई शनिवारी येऊन विचारते, माझ्या पोराला वाचता का येत नाही. फुकटात पाठवणारी विचारत नाही, तिला वाटतं आपला काय हक्क. ज्यांना जमत नाही त्यांना माफ करा, पण ते टीचरने ठरवावं, समितीने नव्हे.

आता सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त आहे (किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी), तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. शिक्षण त्या यादीत आहे, आणि कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायद्यातच आहे. वेर्ण्याची औद्योगिक वसाहत तुमच्यापासून किती लांब? म्हणजे दार आहे. पण तुम्हाला आज ते उघडणार नाही. अंमलबजावणी करणारी संस्था नोंदणीकृत हवी, तिच्याकडे १२ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी हवं, तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. नवी संस्था काढाल तर चौथ्या वर्षी पात्र व्हाल. त्यापेक्षा गावातली एखादी जुनी संस्था शोधा: वाचनालय, शिक्षण संस्था, महिला मंडळ. ज्यांचं ऑडिट वेळेवर होतं, कागद जिवंत आहेत, मुलांसाठी काहीतरी चालवण्याचा इतिहास आहे, त्यांचा एक उपक्रम म्हणून वर्ग चालवा. नाव त्यांचं मोठ्या अक्षरात लागेल. लागू दे.

वेर्ण्यातल्या मोठ्या कारखान्यांत एक अडचण अशी की इथला एचआर मॅनेजर चहा छान पाजतो, पण निर्णय मुंबईला होतो. माझ्या अनुभवात मधल्या आकाराच्या गोवेकर कंपन्या जास्त कामाच्या: हॉटेलवाले, बिल्डर, वितरक. सीएसआरची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समितीही नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. सरासरी नफा ५ कोटी असलेल्या कंपनीला १० लाख खर्चायचे असतात. तुमचे पावणेचार लाख त्यात मावतात, आणि ठरवणारा माणूस बहुधा जेवणाच्या टेबलाशीच बसलेला असतो. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊ नका. तेव्हा उरलेला पैसा संपवायची घाई असते, आणि घाईचा पैसा वस्तूंवर जातो. एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान जा, आणि 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करा म्हणावं. तसा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. पगाराचं नाव काढलं की कंपनीचा अकाउंटंट म्हणेल, प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांचीच मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. वर्गात शिकवणाऱ्या टीचरचा पगार हा प्रकल्पाचा थेट खर्च, तो त्यात येत नाही. हे शांतपणे सांगा, कायदा तुमच्या बाजूने आहे.

तरीही सीएसआरवर पगार अवलंबून ठेवू नका. वर्ष-दोन वर्षांत नवा मॅनेजर येतो, त्याला झाडं लावायची असतात. तो पैसा खाणं, साहित्य, सहल, डोळे तपासणी यांना वापरा, आणि पगाराचा थोडा भाग त्यातून आलाच तर तो सहा महिन्यांची गंगाजळी म्हणून बाजूला टाका.

८०जी बद्दल: घ्या, पण त्याच्या जिवावर देणग्या मिळतील असं समजू नका. नव्या कर पद्धतीत ही वजावट मिळत नाही, आणि पगारदार लोक आता बहुतेक तिकडेच गेलेत. जुन्या पद्धतीतसुद्धा २,००० च्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. ८०जी चा खरा उपयोग सीएसआरच्या दारात.

परदेशी पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गोव्यात हा खड्डा सगळ्यांच्या वाटेत आहे. एखादी रशियन किंवा ब्रिटिश पर्यटक वर्ग बघायला येते, डोळे पुसते आणि पर्समधून पाच हजार रुपये काढते. ते रुपयांत असले तरी एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी कायद्याखाली येतात. नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत. त्याहून अवघड गोष्ट आपल्याच माणसांची. इंग्लंडात स्विंडनला असलेला तुमचा शेजारी भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही. त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी, मग त्याचं घर तुमच्या वाड्यावर का असेना. देणगी घेण्याआधी पासपोर्ट विचारायला लाज वाटते. विचारा. किंवा त्याच्या इथे असलेल्या भारतीय भावाला स्वतःच्या पैशातून सभासद करून घ्या.

आमदारांचं एका वाक्यात: वह्या घ्या, हसून फोटो काढा, पगार घेऊ नका. आपले मतदारसंघ इतके लहान की वर्ग कुणाचा हे आठवड्यात ठरतं, आणि निवडणुकीनंतर तो दुसऱ्या कुणाचा तरी असावा लागतो. डिचोली, सत्तरी, सांगे अशा खाणपट्ट्यात असता तर जिल्हा खनिज निधीकडे अर्ज करा म्हटलं असतं, शिक्षण त्यांच्या प्राधान्यात आहे. तुमच्या बाजूला त्याचा उपयोग नाही.

खर्चात न दिसणारी एक गोष्ट: टीचर आणि मदतनिसांची पोलीस पडताळणी, वर्गात कायम निदान दोन प्रौढ, आणि तक्रार कुणाकडे करायची ते दारावर लिहिलेलं. गोवा बालक कायदा २००३ आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) दोन्ही तुम्हाला लागू आहेत, आणि शहाणा देणगीदार हे पहिल्या भेटीतच विचारतो.

राहिले संगणक. त्या गृहस्थांकडे परत जा आणि सांगा की पाच संगणकांच्या किमतीत एका टीचरचा वर्षाचा, ९६,००० रुपयांचा पगार निघतो, वर थोडे उरतात. काही लोक ऐकतात. नाहीच ऐकलं तर दोन घ्या, पाच नको. पावसाळ्यात पंचायतीच्या हॉलला ओल येते आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. कुलपाचं कपाट आणि इन्व्हर्टर मात्र त्यांच्याकडूनच मागा.