वाचक विचारतात : आधी माल एकत्र, मग कंपनी

प्रश्न : सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतले आमचे सहा बचत गट नागलीचे पापड करतात. सगळ्यांचे मिळून ‘नेटवर्क’ उभारा, असे एक संस्था म्हणते. उत्पादक कंपनी (माल बनवणाऱ्यांच्याच मालकीची कंपनी) काढावी का?
– एक वाचक, सुरगाणा

उत्तर : काढा, पण आजच नको. आधी एक हंगाम सहाही गटांनी एकाच नावाने माल विकून बघा. महिन्याची बैठक आणि व्हॉट्सॲप ग्रुप एवढेच नेटवर्क असेल, तर पहिल्या मोठ्या ऑर्डरला ते फुटते. नाशिकच्या दुकानदाराला सगळा पापड एका चवीचा, एका जाडीचा हवा असतो आणि घोडे इथेच पेंड खाते. म्हणून मीठ आणि पापडखार चिमटीने न घेता काट्यावर ग्रॅममध्ये मोजा आणि सहाही गटांत तेच प्रमाण ठेवा. प्रत्येक बॅचला नंबर द्या. वहीत तारीख आणि गटाचे नाव लिहा. त्या बॅचचे एक पाकीट मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवा. तक्रार आली की माल कोणत्या गटाचा ते लगेच कळते. नाहीतर एकीच्या कच्च्या वाळवणीची बदनामी सहा गटांना भोगावी लागते. पावसाळी हवेत अर्धवट वाळलेला पापड पाकिटात गेला की बुरशी धरणारच. वर्षभराचे वाळवण उन्हाळ्यातच उरका. अन्नसुरक्षेची नोंदणी जागेनुसार असते, म्हणजे सहा ठिकाणी माल बनत असेल तर एका नोंदणीवर भागत नाही.

आता कंपनी. किमान 10 उत्पादक सभासद आणि 5 संचालक लागतात. संचालक 15 पेक्षा जास्त चालत नाहीत. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे सक्तीचे आहे. नेमकी हीच जागा ‘नंतर बघू’ म्हणून रिकामी राहते आणि सगळा कारभार अध्यक्षांच्या घरात जातो. शेअर गटाच्या नावाने न घेता प्रत्येक बाईच्या नावाने घ्या, म्हणजे प्रत्येकीला एक मत मिळते. केंद्राच्या 2020 मधल्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याच्या योजनेत सपाट भागासाठी 300 आणि डोंगरी भागासाठी 100 सभासदांची अट ठेवली होती. कायद्याचे किमान 10 आणि योजनेचे 100 यांत बरेच जण गोंधळतात.

पैशाचा हिशेब असा ठेवा : माल आला की पूर्ण भाव देऊ नका. किलोला समजा 100 रुपये ठरले, तर 85 हातात द्या आणि 15 रोखून ठेवा. ही रोखून ठेवलेली किंमत नंतर रोख, वस्तू किंवा शेअरच्या रूपात देण्याची सोय कायद्यातच आहे. वर्षअखेरीच्या नफ्यातला बोनस मात्र कुणी किती माल घातला त्यावर द्या. बाहेर व्यापाऱ्याने दोन रुपये जास्त दिले की माल तिकडे वळतो, हे नाशिकला सांगायला नको. ही रोखलेली रक्कमच माल काहीसा धरून ठेवते.

धंदा शून्य असला तरी वार्षिक विवरणपत्रे भरावीच लागतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये जादा शुल्क पडते. सलग तीन वर्षे भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. म्हणून सी.ए. आधी ठरवा, उद्घाटनाचा मांडव नंतर.

प्रश्न : समाजवादाकडून बाजाराकडे वळलेल्या पूर्व युरोपातल्या सामाजिक उद्योगांपासून (नफ्यापेक्षा समाजहितासाठी चालणाऱ्या व्यवसायांपासून) आपण काय घ्यावे?
– एम.एस.डब्ल्यू.ची विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : पोलंड बघा. 1989 नंतर तिथे ‘सहकार’ म्हटले की जुन्या राजवटीची सरकारी संस्था आठवे. अपंग कामगारांच्या सहकारी संस्थांच्या जुन्या सवलती गेल्या आणि त्या अडचणीत आल्या. 2006 मध्ये सामाजिक सहकारी संस्थांचा वेगळा कायदा झाला. सुरुवातीला 80 टक्के, 2009 पासून निम्मे सभासद बेरोजगार, अपंग अशा वंचित गटांतले असावे लागत. 2018 मध्ये ही अट 30 टक्क्यांवर आली. घेण्यासारखी गोष्ट मात्र कायद्यापेक्षा तिथली प्रादेशिक साहाय्य केंद्रे : अशा संस्थांना एकाच ठिकाणी हिशेब, कायदा आणि अर्थसाह्याचा सल्ला देणारी. सुरगाण्याच्या सहा गटांनी सहा हिशेबनीस शोधण्यापेक्षा तालुक्याला एक चांगला असणे स्वस्त पडते. न घेण्यासारखे तेही सांगतो : अनुदान मिळते म्हणून काढलेली संस्था अनुदानाबरोबरच दमते, पोलंडमध्येही आणि पेठमध्येही.

प्रश्न : आमच्या ट्रस्टला सोशल स्टॉक एक्स्चेंजवर (सामाजिक संस्थांना निधी उभारता येणाऱ्या शेअर बाजाराच्या विभागात) पैसे उभारता येतील का?
– एक विश्वस्त, पंचवटी

उत्तर : संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी, गेल्या आर्थिक वर्षात 50 लाखांचा खर्च आणि 10 लाखांचा मिळालेला निधी दाखवता यायला हवा. तिथे ना-नफा संस्था जे ‘झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल’ रोखे काढते, त्यांवर ना व्याज मिळते ना मुद्दल परत येते. म्हणजे देणगीच, पण हिशेब चोख द्यावा लागतो. नुसती नोंदणी करून ठराविक मुदतीपुरते रोखे न काढताही राहता येते. लहान ट्रस्टने तिथूनच सुरुवात करावी.