वृषणाचा पीळ, शुक्राणूंचा रिपोर्ट आणि तुंबलेली लघवी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही. पत्नीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणू दर मिलीला 90 लाख आणि हालचाल 25 टक्के निघाली. दीड महिन्यापूर्वी टायफॉइड झाला होता. डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा करा. तोवर नुसते बसून राहायचे का? (वय 32, तासगाव)

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगताहेत. वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला साधारण 70 ते 75 दिवस लागतात. पुढे वृषणाला मागून चिकटलेल्या अधिवृषणातल्या बारीक नळीतून सरकत तो पोहायला शिकतो, त्यात आणखी दीड-दोन आठवडे जातात. म्हणजे आज दिलेला नमुना अडीच-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या मालाचा असतो. टायफॉइड, डेंग्यू, चिकुनगुन्या असा जोराचा ताप मध्ये येऊन गेला की आकडा कोसळतो आणि बहुतेकांचा आपोआप सावरतो. एका रिपोर्टवर कुणाला नापास करू नये.

आता आकड्यांकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी : वीर्य 1.4 मिली, शुक्राणू दर मिलीला 1 कोटी 60 लाख, एका वेळच्या वीर्यात मिळून 3 कोटी 90 लाख, एकूण हालचाल 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के आणि नीट आकाराचे फक्त 4 टक्के. ‘96 टक्के शुक्राणू वेडेवाकडे’ हे वाचून झोप उडवून घेऊ नका. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले, त्या पुरुषांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांपाशी ही रेघ मारलेली आहे. तिच्याखाली असलेल्यांनाही मुले होतात, वेळ जास्त लागतो.

नमुना देण्यात फार चुका होतात. आधी दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन दोन्ही बंद हवे. पंधरा दिवस ‘साठवून’ दिले की मेलेले शुक्राणूच जास्त दिसतात. डबी लॅबचीच घ्या. साध्या निरोधातून नमुना आणू नका, त्यावरचे रसायन शुक्राणू मारते. थुंकी, तेल, साबण काही लावायचे नाही. पहिल्या पिचकारीतच सर्वाधिक शुक्राणू असतात. ती बाहेर सांडली तर लॅबवाल्याला तसे सांगा. सगळ्यात चांगले म्हणजे नमुना लॅबमध्येच द्यावा. तासगावातून सांगलीला नेणार असाल तर डबी शर्टाच्या आत, अंगाला लावून ठेवा आणि तासाच्या आत पोचवा. जानेवारीच्या पहाटे मोटारसायकलच्या डिकीतून आलेल्या नमुन्यात हालचाल कमी दिसणारच.

या तीन महिन्यांत तंबाखू-मावा बंद करा. मोबाइल पँटच्या खिशात ठेवू नका, असे सगळे सांगतात. त्यापेक्षा उष्णतेकडे जास्त लक्ष द्या. वृषणे शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड राहावीत म्हणूनच पोटाबाहेर पिशवीत असतात. गुऱ्हाळाच्या चुलवणापुढे किंवा ट्रकच्या तापलेल्या केबिनमध्ये दिवस काढणाऱ्यांना हे लागू पडते. तुमची द्राक्षबाग असेल तर फवारणीला हातमोजे आणि मास्क घाला, भिजलेले कपडे लगेच बदला. सूत्रकृमींसाठी वापरले जाणारे डीबीसीपी हे औषध बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कामगारांचे शुक्राणू घटल्याचे, काहींचे तर संपल्याचे 1977 साली उघड झाले. पुढे त्यावर बंदी आली.

दुसऱ्या रिपोर्टमध्येही आकडा कमी आला, विशेषतः दर मिलीला 50 लाखांच्या खाली गेला, तर एफएसएच (वृषणाला शुक्राणू बनवायला सांगणारे संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) आणि गुणसूत्रांची तपासणी करावी लागते. आणि एक प्रश्न स्वतःला खरेपणाने विचारा : तालमीत किंवा जिममध्ये कधी ताकदीची इंजेक्शने घेतली होती का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूकडून वृषणाला जाणारे हुकूम थांबतात आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शन थांबवल्यावर ते परत यायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. ‘अशक्तपणा’ म्हणून मूल हवे असलेल्या माणसाला कुणी हे इंजेक्शन देत असेल तर नको म्हणा.

जाता जाता : पत्नीच्या सगळ्या तपासण्या आधी आणि काही शे रुपयांची ही तपासणी शेवटी, हा क्रम उलटा हवा होता.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा. दोनदा रात्री अचानक एका गोळीत (वृषणात) जोराची कळ आली, उलटी झाली, अर्ध्या तासात थांबले. गावातल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून गोळ्या दिल्या. सोनोग्राफी नॉर्मल आहे. (आई, हेळवाक, ता. पाटण)

उत्तर : ताई, हे गॅसचे लक्षण वाटत नाही. वृषण ज्या दोरीला लोंबते तिला पीळ बसतो, रक्त थांबते आणि कळ येते. पीळ सुटला की कळ जाते. मधल्या काळात केलेली सोनोग्राफी नॉर्मलच येणार. असे दोनदा झाले म्हणजे तिसऱ्यांदा पीळ न सुटण्याचा धोका आहे. आत्ता दुखत नसले तरी त्याला युरॉलॉजिस्ट किंवा सर्जनला दाखवा. दोन्ही वृषणे आतून टाके घालून जागेवर पक्की करतात. दोन्ही यासाठी की जडणघडणीतला दोष सहसा दोन्हीकडे असतो.

पुन्हा कळ आलीच तर घड्याळ पाहा. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वाचते, चोवीस तासांनंतर क्वचितच. हेळवाकहून कराड गाठायलाच दीड तास जातो, म्हणून सकाळची वाट पाहू नका. निघताना दूध, चहा, पाणी काही देऊ नका, भूल द्यावी लागेल. गोळी वर चढून आडवी झालेली दिसते. मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर एरवी ती झटकन वर उचलली जाते, पीळ पडल्यावर जागची हलत नाही. बऱ्याचदा मुलगा लाजेने ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो. या वयात खालच्या पोटात दुखून उलटी झाली तर चड्डी काढून बघायलाच हवे, आणि डॉक्टरांनीही.

प्रश्न : भरतीच्या मेडिकलमध्ये डाव्या बाजूला व्हेरिकोसील (वृषणाच्या शिरा फुगणे) सांगितले. त्रास काहीच नाही. ऑपरेशन करावेच लागेल का? (वय 20, सातारा)

उत्तर : डावीकडच्या वृषणाची शीर थेट मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे तिथे रक्त तुंबून शिरा फुगतात. सुमारे 15 टक्के पुरुषांना हे असते आणि बहुतेकांना आयुष्यभर काही करावे लागत नाही. दुखत असेल, वृषण बारीक झाले असेल किंवा मूल होत नसताना शुक्राणू कमी असतील तरच ऑपरेशन. भरतीचा प्रश्न वेगळा, तिथे नियम बघतात. पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली करणारा सर्जन गाठा. त्या पद्धतीत नंतर वृषणाभोवती पाणी साचण्याचा त्रास कमी होतो. धावणे, जोर-बैठका साधारण महिनाभर बंद ठेवाव्या लागतील, म्हणून पुढच्या तारखेच्या तोंडावर करू नका. सूज आडवे झाल्यावरही ओसरत नसेल किंवा फक्त उजवीकडे असेल तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

प्रश्न : लघवीतून पांढरे जाते, धातू जातो म्हणून अशक्तपणा येतो का? (वय 19, विटा)

उत्तर : नाही. पांढरे बहुधा फॉस्फेटचे क्षार असतात. अशा लघवीत चमचाभर व्हिनेगर टाका, निवळली तर क्षारच. जळजळ, ताप किंवा पू असेल तर मात्र लघवी तपासा. महिन्यातून काही वेळा स्वप्नात वीर्य जाणे नॉर्मल आहे. त्यासाठी औषधाची बाटली विकत घेऊ नका.

प्रश्न : सर्दीच्या गोळ्या घेतल्या आणि लघवी बंदच झाली. नळी घालावी लागली. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी) 11 आले. कॅन्सर असेल का? (वय 67, कोरेगाव)

उत्तर : तरुणपणी अक्रोडाएवढी असणारी प्रोस्टेट ग्रंथी या वयात वाढलेली असते. सर्दीच्या काही गोळ्यांतल्या घटकांनी मूत्राशयाचे तोंड आवळले जाते किंवा मूत्राशय ढिले पडते, आणि आधीच अरुंद वाट बंद होते. पुढे सर्दीची गोळी मागताना दुकानदाराला प्रोस्टेटचे सांगा.

पीएसए लघवी तुंबल्याने आणि नळी घातल्यानेही चढते. सहा आठवड्यांनी पुन्हा करा, मग पुढचे ठरेल. लघवीची वाट मोकळी करणारी टॅमसुलोसिन ही गोळी सुरू असेल तर अंथरुणातून झटकन उठू नका, चक्कर येते. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले तर या गोळीचे नाव डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण तिने बाहुलीचा पडदा ढिला पडतो. प्रोस्टेट आकसवणारे फिनास्टेराइड हे औषध सहा महिने घेतल्यावर पीएसए निम्म्यावर येते, म्हणून ते चालू असेल तर आकडा दुप्पट धरून वाचायचा.

प्रश्न : पत्नीची दोन सिझेरियन झाली आहेत, म्हणून नसबंदी मीच करायची म्हणतो. ऊसतोडीचे काम आहे. ताकद कमी होईल का? (वय 34, पलूस)

उत्तर : विचार चांगला आहे. बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून बारीक छिद्रातून दोन्ही शुक्रवाहिन्या बांधतात, त्याच दिवशी घरी जाता येते. टेस्टोस्टेरॉन रक्तातून जाते, या नळ्यांतून नाही, त्यामुळे ताकद आणि ताठरता तशीच राहते. वीर्यही जवळजवळ तेवढेच येते, कारण त्यात वृषणाकडून येणारा भाग पाच टक्क्यांच्या आसपास असतो. दोन दिवस विश्रांती घ्या, आठवडाभर मोळी उचलू नका, सायकल चालवू नका. नळ्यांत उरलेले शुक्राणू निघून जायला तीन महिने लागतात. तोवर निरोध वापरा, मग वीर्य तपासा. त्यात शुक्राणू दिसले तर महिन्याने पुन्हा तपासायचे आणि रिपोर्ट कोरा येईपर्यंत निरोध चालूच ठेवायचा.